त्या दुपारची वाटणी

बाबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ माझी धाकटी बहीण होती. मी मेहकरला, सासूबाईंबरोबर घराच्या धाब्यावर कुरडया घालत होते. मे महिना होता. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यात भरायचा, लुगड्यावर गोल गोल पाडायचा, आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं, असं ठरलं होतं. पण चीक जास्त झाला आणि आम्ही दुपारपर्यंत वरच राहिलो. तार आली ती संध्याकाळी. त्यानंतर खामगावकडे जाणारी गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघून, खामगावला गाडी बदलून मी माहेरी, पिंपळगाव राजाला पोहोचले, तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्या उन्हात वाट पाहणं शक्यच नव्हतं. कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरात चर्चच्या मंडळीतल्या बायका बसल्या होत्या. बहीण दाराशी, बाबांच्या खुर्चीच्या पायाशी बसून आमच्या वऱ्हाडीत सांगत होती. वऱ्हाडीत बायकाही 'करतो, जातो'च म्हणतात.

"शेवटी माझा हात त्यांच्या हातात होता. मी स्तोत्र म्हणत होतो. तेही ओठ हलवत होते. मग हसल्यासारखे झाले, अन् गेले."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही रडले. पण रडता रडता मला माझ्या पोटात दुसरंच काही कळलं. दुःख तर होतंच. त्याच्या शेजारी मत्सर होता, आणि तो दुःखापेक्षा जास्त जागा होता.

हे समजायला आमचं घर कसं होतं ते सांगायला हवं. बाबा पिंपळगावच्या शाळेत मास्तर. गावात ख्रिस्ती घरं थोडी, आणि त्यातही शिकलेलं आमचंच. आई आम्ही लहान असताना वारली. बहिणीला ती आठवतही नाही. मी बाबांची होते. हे मी म्हणत नाही, सगळा गाव म्हणायचा. संध्याकाळी फिरायला जाताना ते मला बरोबर न्यायचे आणि वाटेत अवघड अवघड प्रश्न विचारायचे. देव झोपतो का. जग नव्हतं तेव्हा देव काय करत होता. मी काही तरी उत्तर द्यायची आणि ते चालता चालता थांबून त्यावर खरोखर विचार करायचे. आपलं राज्य नवं झालं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या जुन्या नकाशावर कागद लावून मलाच नवी सीमा काढायला लावली होती. बहिणीला या कशात गोडी नव्हती. ती कोंबड्यांच्या मागं, नाही तर चिंचेच्या झाडावर. गणितावरून तिला रोज बोलणी बसत.

मग माझं लग्न झालं. नवरा मेहकरला कचेरीत कारकून. बहीण पुढे त्याच शाळेत मास्तरीण झाली, बाबांना करून घालू लागली. अशा रीतीनं बाबा माझे, आणि त्यांची शेवटची दुपार तिची, असं होऊन बसलं.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा पिंपळगावला गेले तेव्हा कुणी ना कुणी भेटायला यायचं आणि ती ते पुन्हा सांगायची. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत ऐकायची. एकेक शब्द मला पाठ झाला होता, त्यामुळे कुठला बदलला तर लगेच कळायचा. पहिल्यांदा 'हसल्यासारखे झाले' होतं. नंतर ते 'हसले' झालं. आणि एकदा, शेगावहून आलेल्या बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यासमोर, तिनं सांगितलं, "माझं नाव घेतलं त्यांनी."

त्या दिवशी माझी भाकरी तव्यावर करपली. तीच मी खाल्ली.

आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी करायचं असं काहीच नाही. दफनाच्या वेळी पाळक प्रार्थना करतात ती मागं राहिलेल्यांसाठी. गेलेला माणूस प्रभूच्या हातात गेला, त्याचं जे व्हायचं ते झालं, आता आपण मध्ये बोलायचं नाही. लहानपणापासून मी हेच ऐकलं होतं आणि मला ते स्वच्छ, नीटनेटकं वाटायचं. बाबा गेल्यावर ते मला रिकामं वाटू लागलं. बहिणीनं शेवटपर्यंत केलं, आणि मी पोहोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मेहकरला पितृपक्षात मी शेजारच्या बाईंकडे गेले होते. त्यांचा नवरा कोर्टात नोकरीला. बाईंनी खीर, वडे, भजी, गवारीची भाजी असं केळीच्या पानावर वाढून पान धाब्यावर नेलं आणि कावळ्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. मी खालून पाहत होते.

"आमच्या मामंजींना भज्याशिवाय चालत नसे," त्या वरूनच मला म्हणाल्या. "जिवंत होते तेव्हा मी भीत भीत वाढायची. आता बिनधास्त वाढते."

कावळा आला. त्यानं आधी भजंच उचललं. बाई इतक्या खूश झाल्या, की जणू सासरे खाली बसून जेवतायत. मला त्या गोष्टीवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण त्यांच्या तोंडावरचं समाधान मी पाहिलं आणि घरी येऊन विनाकारण भांडी आपटली. बाबांना किसलेल्या कैरीचा तिखट तक्कू आवडायचा. तो मी कुणाला वाढणार होते?

सासूबाईंनी ते भांडी आपटणं ऐकलं असावं.

सासूबाईंचं माहेर जालन्याकडचं, कॅथलिक. लग्नानंतर त्या आमच्या मंडळीत आल्या, आमच्या उपासनेला बसू लागल्या. पण काही गोष्टी त्यांनी सोडल्या नव्हत्या. नोव्हेंबर लागला की, कॅथलिक लोक आपल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात त्या दिवशी, संध्याकाळी त्या मागच्या खोलीत एक मेणबत्ती लावून बसत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नसे. त्या वर्षी मी दारात जाऊन उभी राहिले.

"काय करायलीस तिथं उभी राहून? बस की," त्या म्हणाल्या.

मी बसले. कुणासाठी, असं विचारलं.

"माझ्या भावासाठी. विहिरीत पडला होता तो. पोहता येत नव्हतं. जवळ कुणी नव्हतं. पाण्यात गेल्यापासून जीव जाईस्तोवर त्याला काय वाटलं असंल, त्यानं देवाला हाक मारली का नाही, कुणालाच ठाऊक नाही. मी तेवढ्यासाठी मागते. त्या वेळी त्याला एकटं वाटू नये म्हणून."

"पण आई, ते तर होऊन गेलं. आता मागून काय होणार?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी 'करतो, जातो' अशी वऱ्हाडी बोलले की हसत तशाच. "होऊन गेलं ते आपल्यासाठी. आपण एकामागून एक दिवस जगतो, म्हणून आपल्याला काल अन् उद्या असतंय. देवाला कुठला आलाय काल? त्याच्यापुढं सगळे दिवस एकदमच आहेत. माझा भाऊ विहिरीत आहे तोही त्याला आत्ता दिसतोय, अन् मी इथं बसलेय तेही आत्ताच. मी आज मागणार हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं ना? मग त्यानं तेव्हाच दिलं असंल."

त्यांनी हे इतकं साधेपणानं सांगितलं, जसं काही दूध उतू जातंय असं सांगावं. मला रात्रभर नव्हे, पुढचे कित्येक दिवस दुसरं काही सुचलं नाही. बाबांनी असा प्रश्न मला विचारला असता तर आम्ही नदीपर्यंत जाऊन आलो असतो. आणि हे त्यांच्याशी बोलता येत नाही, याचंही वाईट वाटलं.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा बुलढाण्याहून आमच्याकडे उपासनेला यायचे. म्हातारे, सावकाश बोलणारे. जेवण झाल्यावर ते सुपारी कातरत बसले असताना मी त्यांना विचारलं. सासूबाईंचं नाव न घेता विचारलं, पण त्यांनी ओळखलं.

"मेलेल्यांसाठी प्रार्थना आपण करत नाही, लेकी," ते म्हणाले. "जो गेला त्याचा निवाडा आपल्या विनवणीनं बदलत नाही, असं आपण मानतो."

"मी निवाड्यासाठी म्हणत नाही. बाबा जिवंत होते, त्या शेवटच्या दुपारसाठी म्हणते. तेव्हा ते मेलेले नव्हते."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"देवाला काळाचं बंधन नाही, हे तर आपणही मानतो," ते शेवटी म्हणाले. "मग तुला नाही म्हणायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण एक सांगतो. जे घडलं ते तुला ठाऊक असेल, तर ते घडलं नसतं असं मागू नकोस. ती प्रार्थना नाही, तो हट्ट झाला. जे तुला ठाऊक नाही, त्यासाठी माग. आणि उत्तर मिळालं का हे शोधत बसू नकोस."

त्यानंतर मी सुरू केलं. दुपारी घर निजलं की मी मागच्या खोलीत बसायची, मेणबत्ती वगैरे काही न लावता. प्रभू, त्या दुपारी बाबांच्या जवळ राहा. त्यांना भीती वाटू देऊ नकोस. मी नाही, हे त्यांना जाणवू देऊ नकोस. डोळे मिटले की मला पिंपळगावची ती खोली दिसायची. बाज, खिडकीत ठेवलेला पाण्याचा तांब्या, बाबांचा उशीवर वळलेला चेहरा. बहीणही दिसायची. मी तिच्याकडे पाहायची नाही. खरं सांगायचं तर मी तिच्या आणि बाबांच्या मध्ये जाऊन बसायची. इतके महिने ज्या खोलीचं दार मला बंद होतं तिथं मला जाता येत होतं, आणि ती मला अडवू शकत नव्हती. त्या प्रार्थनेत प्रेम किती आणि चढाओढ किती हे मी तपासलं नाही.

नाताळला पिंपळगावला गेले. अनारसे तळताना मी तिला हे सांगितलं. वाटलं होतं तिला बरं वाटेल. तसं मी स्वतःला समजावलं होतं, निदान.

ती झारा हातात धरून उभी राहिली.

"म्हंजे आता तू तिथं येऊन राह्यली?"

"येऊन म्हंजे, मी फक्त मागतो देवाले."

"ते एकच झालं. ताई, सगळं तुलेच भेटलं. फिरायले तू, नकाशा तुले, गोष्टी तुले. मी कधी काही बोललो? तेवढी एक दुपार माह्याजवळ हाय. तेवढी तरी राहू दे."

"मी तुही दुपार कुठं घेऊन राह्यलो?"

"मंग काऊन सांगतं मले?"

अनारसा कढईत काळा झाला. सणाचे उरलेले दिवस आम्ही एकमेकींशी मीठमिरचीपुरतं बोललो. मला इतके दिवस वाटत होतं की जळते ती मीच. ती माझ्यावर लहानपणापासून जळत होती, हे मला तिच्या तोंडून ऐकेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. मेहकरला परतताना एसटीत मी खिडकीबाहेर पाहत बसले, आणि तिनं सांगितलेल्या यादीतल्या गोष्टी एकेक आठवताना मला त्या जास्तच गोड वाटू लागल्या. त्या मला मिळाल्या होत्या, तिला नाही. त्या दुपारची भरपाई झाल्यासारखं थोडा वेळ वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बहिणीला विषमज्वर झाला. शेजाऱ्यांनी निरोप धाडला तशी मी गेले आणि ती उठून बसेपर्यंत राहिले. ताप उतरला तेव्हा तिचे केस मूठमूठभर गळत होते. मी रोज अंगणात तिला समोर बसवून हळूहळू विंचरायची. अशाच एका सकाळी, पाठ माझ्याकडे असताना, ती बोलायला लागली.

"ताई, बाबा हसले नव्हते."

मी फणी थांबवली.

"विंचर तू," ती म्हणाली. "ते घाबरले होते. त्यांनी माहा हात झटकून टाकला. 'कोणी हाय का' असं विचारत होते. मी समोर बसलेलो, अन् ते मलेच विचारत होते, कोणी हाय का. मी स्तोत्र म्हणायले लागलो अन् अर्ध्यात विसरलो. इतक्या वर्षांचं पाठ, अन् विसरलो."

"अन् तुहं नाव?"

"नाही घेतलं. कोणाचंच नाही घेतलं."

मी विंचरत राहिले. काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. ज्या दुपारसाठी मी इतकी जळले ती अशी होती. ती तिनं एकटीनं पाहिली होती, आणि पाहुण्यांसमोर रोज नवी करून मांडली होती. मला तिची दया आली. आणि बाबांनी तिचंही नाव घेतलं नाही हे ऐकून मनात कुठेतरी एक गाठ सैल झाली. दोन्ही एकाच वेळी झालं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग एकाएकी त्यांनी दाराकडं पाह्यलं. कोणी आलं म्हंजे पाह्यते ना माणूस, तसं. मीही वळून पाह्यलं. दारात कोणी नव्हतं. पण ते शांत झाले. श्वास मोकळा झाला. तसेच पाहत राह्यले अन् गेले."

अंगणात कोंबड्या टिपत होत्या. तिनं मांडीवर गळालेले केस बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "तू नाताळात सांगतलं तवापासून माह्या डोक्यातून ते जात नाही. तू मांगतं म्हणून झालं असंल ते?"

"मले नाही माहीत. पाळकसाहेब म्हणाले, शोधत बसायचं नाही."

"मले राग येते त्याचा." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी तिथं बसून काय मांगत होतो ठाऊक हाय? प्रभू, कोणाले तरी पाठव, माह्याच्यानं होत नाही. बस, इतकंच. पाठवायचं त त्यानं कोणालेही पाठवाचं होतं. तुलेच काऊन?"

मला हसू आलं. तिलाही आलं असावं; तिचे खांदे हलले. नंतर कळलं ती रडत होती. मी फणी ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मी तिला म्हणू शकले असते की दारात मी नव्हते, आणि मागितलं ते तूच. ते तिला हवं होतं. पण मला ते म्हणवेना. दारात मी होते, असं मला फार हवं होतं.

दुपारी पेज पिता पिता तिनं स्वतःच तोडगा काढला. शाळेत दोन पोरांचं भांडण सोडवताना ती जशी बोलायची तशीच बोलली.

"हे पाह्य. दाराकडं पाह्यल्यानंतरचं तू मांग. त्याच्याआधीचं माहं, ते मी मांगतो. तिथं नको येऊ."

"बरं," मी म्हटलं.

"खरंच नाही यायचं."

"नाही येणार."

मी कबूल तर झाले, पण अडचण लगेच कळली. शांत झाल्यानंतरच्या बाबांसाठी मागायला उरलंच काय होतं? माझं मन अडकलं होतं ते आधीच्या भागात, जिथं ते कुणी आहे का म्हणून विचारत होते. आणि तो भाग तिनं दोन प्रकारे माझ्यापासून काढून घेतला होता. एक तर वाटणीत. दुसरं म्हणजे तिनं तो सांगितला. आता मला ठाऊक होतं की ते घाबरले होते. ते घाबरले नसते असं मागायची मला परवानगी नव्हती. मेहकरला येऊन मी सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ती घाबरलेली होती, तिच्यासाठी माग की. तीही त्याच खोलीत होती ना?"

हे मला एकदाही सुचलं नव्हतं. त्या खोलीत मी इतक्यांदा गेले, आणि बाजेशेजारी बसलेल्या बहिणीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी सासूबाईंचं ऐकलं. पण बहिणीला कधी सांगितलं नाही; तिनं तेही घुसणंच म्हटलं असतं.

पुढे तिचं लग्न झालं, ती अमरावतीला गेली. पिंपळगावचं घर दुसऱ्यांनी घेतलं. सासूबाई त्यांच्या झोपेत गेल्या, आणि त्यांच्यासाठी मागण्यावरून माझं कुणाशी भांडण झालं नाही. बहिणीची मुलं आजोबांची गोष्ट विचारायची तेव्हा ती पूर्वीचीच, हसल्याची सांगायची. मी समोर असले तरी सांगायची. मी मान हलवायची.

गेल्या दिवाळीनंतर ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. आता दोघींचेही गुडघे दुखतात. चहा पिताना मी सहज विचारलं, "तुहा भाग तू अजून मांगतं?"

"नाही," ती म्हणाली. "बंद केलं. लय वर्षं झाले."

"काऊन?"

"एक दिवस बसलो अन् वाटलं, झालं. आता सांगायचं काही राह्यलं नाही. उठलो अन् वांगे चिरले."

मला तिचा फार हेवा वाटला. इतकी वर्षं मी तिथंच आहे, रोज त्या दारात उभी, आणि ती केव्हाच बाहेर येऊन स्वयंपाकाला लागली होती. तिनं बशीत ओतलेला चहा फुंकला.

"मंग तो भाग आता मी मांगू का?" मी विचारलं.

तिनं बशी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"मांग," ती म्हणाली. "पण मले सांगू नको."